उंबऱ्याबाहेरचं ताट

कोसाड, सुरत
१९ जानेवारी २०२५

योगू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, पण आत्ता माझ्याकडे तो शिल्लक नाही. कामरेजच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रवाल्यांनी तुझा मोबाइल दारातच काढून घेतला. सुटेपर्यंत भेट नाही, फोन नाही, फक्त पत्र चालेल म्हणाले, म्हणून लिहितेय. शाळा सुटल्यावर मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. लिहायची वेळ आणलीस ती दारूपायी.

मला तुझी किळस आलीय. शिस्त समितीने बोलावलं तेव्हा साड्यांच्या घड्या अर्ध्यावर टाकून, शेठच्या शिव्या खाऊन गेले. विद्यापीठात नशामुक्तीचा सप्ताह चालू होता. गेटपासून ऑफिसपर्यंत फलक लावलेले, आणि त्या फलकांखालून मी तुझी बहीण म्हणून चालत गेले. रेक्टरसाहेबांनी टेबलावर मशीनची चिठ्ठी ठेवली. तुला फुंकर मारायला लावली, मशीन वाजलं, खोलीत तुझ्या खाटेखाली टॉवेलात गुंडाळलेली अर्धी बाटली सापडली, देशी. शेजारी बसलेल्या मॅडम नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत होत्या. जणू बाटली माझ्याच पर्समध्ये होती.

नियम त्यांनी मला वाचून दाखवला. नशेत सापडला तर दीड महिना केंद्रात आणि ह्या सत्राची परीक्षा नाही. मात्र बाटली ज्याने दिली त्याचं नाव लेखी मिळालं, तर ताकीद देऊन परीक्षेला बसू देतील. तू शेवटच्या वर्षाला आहेस. सचिन गावच्या डाइंग मिलमधली लॅबची नोकरी तुझी वाट बघत थांबणार नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. आणि तू समितीसमोर मान खाली घालून काय म्हणालास, तर नाव सांगणार नाही. एवढा कोण लागून गेलाय तो?

मायचं विचारशील. ती तुझं नाव घेत नाही. आबा गेले त्या दिवशी तिने केलेला नियम तुझ्यासमोरच केला होता. पिणारा असो की पाजणारा, तो ह्या घरात जेवणार नाही. सुपडूमामा तिचा सख्खा भाऊ, राखीला आला आणि तोंडाला वास आला म्हणून तिने त्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं. तेव्हापासून तो आलेला नाही. तुझं ताट तिने फळीवर पालथं घातलंय. सगळ्यात जास्त तिला हे लागलंय की त्याच दिवशी ती तुझ्या तोंडातल्या फोडांसाठी औषध घेऊन होस्टेलवर आली होती. शेजारच्या चंचलबेनसमोर म्हणाली, "मी त्यानाकरता थंड औषध लई एवढी दूर गऊ, नि तो तठे दारू पी ऱ्हायंता." आणि तिथेच मोरीत थुंकली.

नाव कळव. मित्र असेल तर असेल, तुझ्या वर्षापेक्षा मोठा नाही.

जयश्री


कामरेज
२६ जानेवारी २०२५

ताई,

तू नुसतं ‘जयश्री’ लिहिलंस. ताई हा शब्द गाळलास हे लक्षात आलं.

पत्र इथे पोचतं. पाकीट फोडून आत तंबाखूची पुडी नाही ना एवढं बघतात. वाचायचा त्यांना कंटाळा आहे. तेव्हा मोकळेपणी लिहीत जा, शिव्यासुद्धा.

आज झेंडावंदन झालं. त्यानंतर आम्हाला पांढरे टीशर्ट घालून हायवेपर्यंत नेलं. माझ्या हातात फलक होता, ‘मी नशा सोडली, तुम्हीही सोडा’. ट्रकवाले हॉर्न वाजवून हसत होते. ताई, तुला माझी किळस आली ना, ह्या जागेची किळस कशी असते ते मी सांगतो. फिनाइल आणि ओकारी ह्यांचा वास एकमेकांत इतका मुरलाय की आता वेगळा ओळखू येत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर विकास नावाचा माणूस आहे, लूमवर काम करायचा. रात्रभर अंगावरून किडे झटकतो. किडे नसतात. सकाळी त्याच हाताने तो मला चहा आणून देतो आणि मी तो पितो, कारण नाही म्हटलं तर तो रडतो.

रोज सकाळी रांगेत उभं राहून प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, माझं नाव अमुक आणि मी व्यसनी आहे. पहिले काही दिवस मी नुसते ओठ हलवले. सरांनी पाहिलं आणि नाश्ता बंद केला. आता म्हणतो. म्हटल्यावर जीभ धुवावीशी वाटते.

नावाचं विचारू नकोस. विचारलंस तरी सांगणार नाही. तो कुणी गुन्हेगार नाही आणि मला फसवलेलंही नाही. सत्र गेलं तर पुढच्या वर्षी देईन.

मायची कंबर कशी आहे? धागे कापायला तिला कमी साड्या घ्यायला सांग. माझ्या तोंडातले फोड वाढलेत, इथल्या भाजीत तिखटाशिवाय काही नसतं. पण हे तिला सांगू नकोस.

तुझा योगू


कोसाड
२ फेब्रुवारी २०२५

योगू,

तू नाव सांगितलं नाहीस म्हणून मीच शोधायला गेले. आज रविवारी होस्टेलच्या गेटवर श्रीरंगला बोलावून घेतलं. मला खात्री होती की बाटली त्याचीच. तुझ्या खोलीत राहतो, बाप वर्ध्याहून पैसे पाठवतो, गॉगल लावतो. एक कानफटात द्यायची असं रिक्षातच ठरवलं होतं. पोरगं खाली आलं आणि मी तोंड उघडायच्या आत रडायला लागलं. म्हणाला, "ताई, ती बाटली मावशींनीच माझ्या हातात दिली होती."

मला कळेचना. त्याने तीनदा सांगितलं तेव्हा कळलं, मावशी म्हणजे आपली माय. तिने त्या दिवशीची धावपळ मला सांगितली होती, ती आता जुळली.

चंचलबेनने मायला सांगितलं होतं की तोंड आलं की नीरो, म्हणजे ताडाची नीरा, पाजायचा, पोटातली आग जाते. माय पहाटेच अमरोलीच्या चौकात सरकारी नीरेच्या गाडीवर गेली. लहान लहान पोरं पीत उभी, तेव्हा तिला खात्री पटली. आपल्या खान्देशात कुणी नीरा पीत नाही. ती सूर्य वर यायच्या आत गाडीपाशीच उभं राहून प्यायची असते, उन्हात ठेवली की आंबून ताडी होते, हे तिला कोण सांगणार? चंचलबेनला वाटलं असेल, एवढं तर सगळ्या सुरतला माहीत असतं. मायने बाटली भरून घेतली. मग आधी शेठच्या दुकानात धागे कापलेल्या साड्यांचं बोचकं द्यायला गेली, दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिली, मग दोन बस बदलून तुझ्याकडे. बाटलीला ऊन लागू नये म्हणून पदराखाली पोटाशी धरून. अंगाच्या उबेत. बाईमाणसाला वर सोडत नाहीत म्हणून दुपारी गेटवर श्रीरंगच्या हातात दिली आणि परत फिरली.

मी तिथेच गेटजवळच्या कठड्यावर बसले.

श्रीरंगने मग पुढचं सांगितलं. रेक्टरने बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि हसत म्हणाला, "आ तो नीरो छे, खाटो थई गयो." आयुष्यभर सुरतेत राहिलेला माणूस, त्याला पहिल्या वासात कळलं की नीरा आंबलीय. आणि मग कागदावर लिहिलं, देशी दारू. सप्ताह संपत आला होता आणि एकही विद्यार्थी सापडला नव्हता म्हणे. वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी दमणहून चोरून आणलेल्या दारूची बाटली निघाली होती, त्याचा बाप मोठी गाडी घेऊन आला आणि बाटली औषधाची झाली. ह्याच माणसाने माझ्यासमोर नियम वाचताना चष्मा पुसला होता. मला त्याच्या टेबलावर ओकायला हवं होतं.

आणि तू? तू रसायनशास्त्र शिकतोस. तुला वास आला नाही का? का प्यायलास?

मी मायला काही सांगितलेलं नाही. पण दहा तारखेला समिती बसेल तेव्हा जाऊन सांगणार आहे.

ताई


कामरेज
८ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र तुला मिळायच्या आत तू समितीकडे गेली नसशील अशी आशा करतो. गेली असशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि हे रागात लिहीत नाहीये.

वास आला होता. बूच काढलं तेव्हा फेस वर आला. मला सगळं कळत होतं, किती वेळात काय तयार होतं तेसुद्धा. पण श्रीरंग म्हणाला, मावशी घामाने भिजल्या होत्या आणि दहा वेळा सांगून गेल्या की सगळं प्यायला सांग, टाकू देऊ नको. ताई, मी ते मोरीत ओतायला उठलो होतो. ओतवलं नाही. अर्धं प्यायलो. आंबट, कडवट, घाण लागत होतं. म्हणजे समिती खोटं बोलत नाही. मी प्यायलो आणि मला माहीत होतं. मशीन कुणी ढकलून वाजवलं नाही.

तू समितीला सांगितलंस की ते मायला बोलावणार. तिच्याकडून लिहून घेणार की मी मुलाला दारू दिली. तू विचार कर. आबा पोटली, ती प्लास्टिकच्या पिशवीतली दारू, पिऊन लूमच्या पाठीमागे पडायचे. माय त्यांना उचलून आणायची, धुवायची. कोसाडच्या त्या वसाहतीत तिच्याकडे काय आहे? ना जमीन, ना दागिना. एकच गोष्ट आहे, की सुंदराबाईच्या उंबऱ्यात दारूचा थेंब येत नाही. पोटलीवाला आपल्या गल्लीतून जाताना सायकलवरून उतरून जातो, तुला आठवत असेल. तिने स्वतःच्या पदराखालून ती आणली हे तिला कळलं तर तिच्याकडे काय उरेल?

आणखी एक सांगतो, मग मला शिव्या दे. इथून प्रमाणपत्र हवं तर स्वतःची कहाणी उभं राहून सांगावी लागते, व्यसन कसं लागलं, कुठपर्यंत गेलं. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. दोनदा खोटं बोलतोय म्हणून बसवलं. परवा मी उभा राहिलो आणि आबांचं सगळं माझ्या नावावर सांगितलं. पगाराच्या दिवशी चौकात उभं राहणं, मायचे पैसे डब्यातून काढणं, दिवाळीला ओकून रांगोळी पुसणं, तुझ्यावर हात उगारणं. बोलताना कुठेच अडखळलो नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, आता तू खरं बोललास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विकासने मला मिठी मारली. मी संडासात जाऊन बसलो आणि कितीतरी वेळ तोंड धुतलं. मेलेल्या बापाला पुन्हा एकदा रस्त्यावर पाडून मी चांगल्या वर्तनाचा शेरा मिळवला.

एवढं करून मी गप्प राहिलोय, ते वाया घालवू नकोस. मायला माझा राग येऊ दे. रागाने ती जगेल.

योगू


कोसाड
१६ फेब्रुवारी २०२५

योगू,

समितीकडे गेले नाही. तुझं पत्र वाचल्यावर जाववलं नाही. तू सांगितलंस तशी गप्प राहिले, पण ते टिकलं नाही, आणि त्याला मी कारण आहे.

मंगळवारी जेवताना मायने उगाच विचारलं, तिकडे जेवण कसं असतं. तुझ्याबद्दल पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं की बोलून गेले, तोंडाचे फोड वाढलेत म्हणून त्याला काही खाता येत नाही. ती ताट उचलून उठली.

बुधवारी पहाटे अंधारात मला भांड्याचा आवाज आला. माय आवरून तयार, बाटली धुऊन उपडी घातलेली, चपला घालत होती. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "चौकमा जास. मंग कामरेज. भेटू नई देवोत, पन बाटली तं देतीन."

मी दार अडवलं. "माय, ती बाटली नको."

"का बरं नको? पोरगानं तोंड सडी ऱ्हायनं. राग ते राग, पन तो मना पोरगा शे."

मी नको, नको एवढंच म्हणत राहिले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तू तिला ओळखतोस. आबा कितीही खोटं बोलले तरी तिने असं पाहिलं की त्यांचं तोंड बंद व्हायचं. मग तिने चंचलबेनचं दार वाजवलं. चंचलबेन झोपेतून उठून आली आणि सहज बोलून गेली, "बेन, कामरेज सुधी लई जशो? ए तो ताडी थई जाय." मायने विचारलं, त्या दिवशी दुपार झाली होती, मग? चंचलबेनने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

माय घरात आली नाही. बाहेरच्या नळावर बसली आणि साबणाने हात धुवायला लागली, कोपरापर्यंत. मग पदर धुतला, अंगावरचाच. थंडीत ओली बसून राहिली. मी आत चल म्हटलं तर म्हणाली, "म्हंजे मीच नेली. पोटले लाईसन नेली." एवढंच. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

उजाडल्यावर म्हणाली, त्या साहेबकडे लई चाल. मी तुझी शपथ सांगितली, की गेलो तर तू बोलणार नाहीस. ती म्हणाली, त्यानी शपथ त्यानापाशी. उद्या सोमवारी समिती बसते, जातोय आम्ही. मला माफ कर.

ताई


कोसाड
१८ फेब्रुवारी २०२५

योगू,

काल गेलो होतो. सगळं लिहिते, तू समोर आलास की माझ्याने सांगवणार नाही.

समितीच्या खोलीत तेच रेक्टर, त्याच मॅडम. मायने खुर्ची नाकारली. उभी राहून म्हणाली, "बाटली मी लयेल शे. लिखा." मी गुजरातीत सांगितलं, नीरा होती, आंबली, हिला माहीत नव्हतं. रेक्टरकडे बघून म्हटलं, तुम्ही वास घेऊन ओळखलं होतं. तो फाइल चाळत राहिला. म्हणाला, छापील नमुन्यात नशीला पदार्थ आणि दारू एवढेच शब्द आहेत, नीरा असा शब्द नाही, बेन. अजाणता असंही काही नाही. मंजूर असेल तर सही करा, पोलिसांकडे जाणार नाही, फाइल बंद, मुलगा परीक्षेला बसेल. वर म्हणाला, आम्हालाही मुलाचं भलंच हवंय. त्याच्या टेबलावर काजूकतलीचा उघडा डबा होता. सप्ताह यशस्वी झाला म्हणून आलेला असेल. मॅडमनी डबा माझ्याकडे सरकवला. मी हात मागे घेतला.

मी कागद मोठ्याने वाचला. ‘मी माझ्या मुलास दारू आणून दिली.’ माय ऐकत होती. तुला आठवतं, वसाहतीतल्या रात्रीच्या वर्गात ती सही शिकली तेव्हा आठवडाभर पिठात, धुरकट काचेवर, सगळीकडे स्वतःचं नाव, सुंदरा उखा, लिहीत सुटली होती. बँकेत कुणी अंगठ्याची डबी पुढे केली तर तिला राग येतो. काल मॅडमनी पेन पुढे केलं आणि तिने ते परत सरकवलं. म्हणाली, "ह्या कागदवर मनं नाव नई लागाऊ. अंगठा ल्या."

शाईची डबी कुणाकडेच नव्हती. शिपाई शेजारच्या ऑफिसातून घेऊन आला. तोपर्यंत माय हात पुढे करून तशीच उभी होती. अंगठा उठवला आणि रेक्टरच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुमले ठाऊक व्हतं." त्याला अहिराणी कळली नाही, किंवा कळली.

बस मिळाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. तुझं वर्ष वाचलं.

घरी आलो. मी कुलूप उघडून आत गेले, दिवा लावला, आणि माय उंबऱ्याबाहेरच उभी. ये म्हटलं. ती बाहेरच्या पायरीवर बसली. म्हणाली, "पिणारा असो का पाजणारा. मना नियम शे. मनाकरता येगळा करू का?" मी रागावले, हात जोडले, चंचलबेन येऊन रडली. ऐकत नाही. काल रात्री पायरीवर जेवली, पायरीवरच गोधडी घेऊन झोपली. गल्लीतून जाणारे येणारे बघतात आणि ती त्यांना आपणहून सांगते, मी पोराला दारू पाजली. तुझं ताट मात्र तिने मला फळीवरून काढायला लावलं, घासून सुलटं ठेवायला लावलं.

मला आता रेक्टरची, विद्यापीठाची, त्या काजूकतलीची, त्या मशीनची, सगळ्याची शिसारी आली आहे. पण मायला बाहेर बसलेलं बघवत नाही. केंद्रवाल्यांना समितीचा कागद मिळेल तेव्हा सोडतील म्हणाले. लवकर ये. माझ्याने ती आत येणार नाही.

ताई


कामरेज
२१ फेब्रुवारी २०२५

ताई,

कागद आला. मंगळवारी सकाळी सोडताहेत. प्रमाणपत्र दिलं, त्यावर माझा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, पूर्णपणे व्यसनमुक्त. विकासने ते हातात धरून बराच वेळ पाहिलं.

मायला सांग, तिच्या नियमात दोघं येतात, पाजणारा आणि पिणारा. तिने न कळता पाजली. मी वास ओळखून प्यायलो. माझं ताट आत वाढू नकोस.

दोन्ही ताटं पायरीवर घे. मी मंगळवारी दुपारपर्यंत पोचतो.

योगू